फिल्मवरचे लाल ठिपके आणि सासूबाईंची डावी मूठ

रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाई ६४ वर्षांच्या. चार महिन्यांपूर्वी पहाटे उजव्या बाजूला लकवा झाला. (पक्षाघात हा शब्द आपल्या इंदुरात मराठी घरांतही फक्त रिपोर्टात सापडतो.) डाव्या मेंदूत खोलवर, इंटर्नल कॅप्सूल म्हणतात त्या जागी, लहानसा इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्यानं मेलेला भाग. बोलणं शाबूत. पाय बराच सुधारला, घरात काठीशिवाय चालतात. अडलाय तो हात. मूठ वळते, उघडताना बोटं जेमतेम हलतात. भाच्याच्या ओळखीनं गेल्या महिन्यात मुंबईला एका संशोधनात त्यांचा फंक्शनल एमआरआय झाला. उजवा हात हलवायला सांगितला, तेव्हा मेंदूच्या दोन्ही बाजूंना लाल-पिवळे ठिपके आले. भाचा म्हणतो, छान झालं, डाव्याचं काम उजव्यानं उचललं. इथल्या एका सेंटरवाल्यानं तीच फिल्म पाहून सांगितलं की उजवा मेंदू डाव्याला दाबून टाकतोय, चुंबकाच्या मशीननं त्याला गप्प करू, २५ सिटिंगचं पॅकेज आहे. खरं कोणाचं मानायचं? शिवाय ‘दोन छोट्या शंका’ आहेत. उजव्या हातानं बॉल दाबताना डावी मूठही आपोआप वळते, ते का? आणि पाच मिनिटांत त्या दमतात, ते खरं दमणं की टाळाटाळ?

मी २४ वर्षं मेंदूचे आणि मणक्याचे रुग्ण बघणारा फिजिओथेरपिस्ट आहे. फिल्म वाचणं माझं काम नाही. पण त्या फिल्ममधला हात रोज माझ्या हातात असतो, त्यामुळे काही गोष्टी सांगू शकतो.

ताई, ज्याला तुम्ही छोटी शंका म्हणालात ती डावी मूठच सगळ्यात मोलाची आहे. स्कॅन चालू असताना सासूबाईंच्या डाव्या हाताकडे कोणाचं लक्ष होतं का? त्या नळीत माणूस आडवा असतो, डोकं हलू नये म्हणून दोन्हीकडून उश्या ठासलेल्या असतात, आणि सगळ्यांचे डोळे संगणकाच्या पडद्यावर. नीट केलेल्या अभ्यासात दुसऱ्या हातावर सेन्सर लावतात, किंवा एका माणसाला नुसता तो हात बघायला उभं करतात. ते झालं नसेल आणि उजवीबरोबर डावी मूठही वळत असेल, तर उजव्या मेंदूतल्या ठिपक्याचा निदान काही भाग सरळसरळ डाव्या हाताचाच आहे. उजवा मेंदू आपलं रोजचं काम करत होता. मग भाच्याचंही गेलं आणि सेंटरवाल्याचंही. मुंबईला फोन करून आधी एवढंच विचारा.

आता ते ठिपके. फंक्शनल एमआरआयमध्ये मेंदूतला विचार दिसत नाही, वीजही दिसत नाही. दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक. ज्या भागातल्या पेशी जास्त राबतात तिकडे काही सेकंदांनी रक्त जास्त येतं, आणि ऑक्सिजन असलेलं व नसलेलं रक्त चुंबकाला वेगळं जाणवतं. हात हलवतानाचं चित्र वजा हात स्वस्थ असतानाचं चित्र, उरलं ते रंगवायचं. रंग संगणक भरतो, आणि किती फरक असेल तर रंग भरायचा हे माणूस ठरवतो. म्हणजे ठिपका मोठा याचा अर्थ त्या भागाला त्या कामासाठी जास्त राबावं लागलं, इतकाच. काम चांगलं झालं की वाईट, हे ठिपका सांगत नाही.

हे लक्षात ठेवून सासूबाईंनाच विचारा, लग्न होऊन आल्यावर पहिली पुरणपोळी लाटली तेव्हा कुठे कुठे ताण होता. खांदे वर, श्वास कोंडलेला, ओठ दाबलेले, आणि तरी पुरण बाहेर. आज त्याच कामाला (म्हणजे चार महिन्यांपूर्वीपर्यंत) फोनवर नणंदेशी बोलता बोलता वीस पोळ्या. पहिल्या पोळीच्या वेळी स्कॅन काढला असता तर मेंदू दिवाळीसारखा दिसला असता, आणि वीस वर्षांनी काढला असता तर दोन-चार पणत्या. हात पटाईत होतो तसा मेंदूतला पसारा आवरत जातो. लकव्यानंतरची सुधारणाही पुष्कळ अंशी अशीच जाते, म्हणून पसारा दिसला की आनंदायचंही नाही आणि घाबरायचंही नाही. तो कोणत्या महिन्यात दिसतोय आणि पुढे आवरतोय का, हे बघायचं.

मूळ रचना थोडक्यात अशी. उजव्या हाताची आज्ञा डाव्या मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मोटर पट्ट्यातून निघते. तिथून लाखो धागे खाली येत एका अरुंद जागेत एकवटतात, तेच इंटर्नल कॅप्सूल. पुढे मानेच्या वर, मेंदूच्या देठात, बहुतेक धागे बाजू बदलून उजवीकडे उतरतात. सासूबाईंचं नुकसान या अरुंद जागी झालं. आज्ञा देणारा पृष्ठभाग जिवंत आहे, खाली जाणारी केबल काही प्रमाणात तुटली आहे. म्हणूनच नखाएवढ्या डागानं अख्खा हात बसतो, आणि पृष्ठभागावर मोठा डाग असूनही कोणाकोणाची बोटं वाचतात. किती धागे उरले, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

झटका आल्यावर मेंदू क्रमानं काय करतो, ते आता.

पहिल्या तासांबद्दल लांबवत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद राहिली तर मिनिटाला साधारण १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा २००६ सालचा हिशेब आहे. हातापायाला एकदम मुंग्या, तोंड वाकडं, शब्द अडखळले, की झोपून बघू म्हणायचं नाही, इतकं पुरे.

नंतरचे काही दिवस शांततेचे. या दिवसांत स्कॅन काढला तर जबर लकवा झालेल्या माणसाच्या मेंदूत हात हलवायच्या प्रयत्नातही फारसं काही दिसत नाही, आणि जिथे रक्त नीट पोचतंय तिथेही सामसूम असते. कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव या मेंदूतज्ज्ञानं १९१४ मध्येच याला डायास्किसिस असं नाव दिलं होतं. वाड्यात एका घरी मयत झाली की शेजारच्या बिऱ्हाडांतही त्या दिवशी चूल पेटत नाही. त्यांच्याकडे लाकूड आहे, पीठ आहे, माणसं धडधाकट आहेत, पण चूल बंद. डागाशी धाग्यांनी जोडलेल्या भागांचं असंच होतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हातात अचानक जी जान येते, तिचा मोठा वाटा या विझलेल्या चुली परत पेटण्याचा असतो. तेव्हा जो कोणी इलाज चालू असेल त्याला श्रेय मिळतं. कबुतराच्या रक्ताची मालिश त्याच आठवड्यात झालेली असली की ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. माझ्या तंत्रानंही असं फुकटचं श्रेय घेतलेलं आहे, उगीच नाकारत नाही.

मग येतो पसाऱ्याचा काळ. जबर झटक्याच्या रुग्णांत पहिल्या दहा-पंधरा दिवसांत दोन्ही बाजूंची हालचाल चढत जाते, सौम्य झटक्यात मात्र चित्र सुरुवातीपासून जवळजवळ नेहमीसारखंच असतं. जर्मनीतल्या रेमे आणि ग्रेफ्केस यांच्या गटानं २०११ मध्ये हे थोड्या थोड्या दिवसांनी स्कॅन काढून दाखवलं. त्याच्या कितीतरी आधी, १९९१ साली, फ्रँस्वा शोले आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर पाहिलं होतं की बऱ्या झालेल्या हाताची बोटं हलवताना मेंदूच्या दोन्ही बाजूंना रक्त वाढतं. तेव्हापासून ‘दुसरी बाजू काम घेते’ हे वाक्य सगळीकडे गेलं, भाच्यापर्यंतही पोचलं. वाक्य खोटं नाही, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं २००३ मध्ये निक वॉर्ड यांच्या लंडनच्या अभ्यासात पुढे आलं. त्यांनी त्याच त्याच रुग्णांचे महिनोन्‌महिने स्कॅन काढले. जसजसा हात सुधारत गेला तसतसा पसारा कमी होत गेला आणि चित्र निरोगी माणसाच्या चित्राकडे सरकलं. ज्यांचा हात कमी सुधारला, त्यांच्यात पसारा टिकून राहिला.

रंगपंचमीच्या दिवसाची कल्पना करा. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली आहे, टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत पाय ठेवायला जागा नाही. त्या वेळी मल्हारगंजातल्या, इतवारियातल्या बोळांत दुचाक्या एकमेकींच्या अंगावर येतात. वरून ड्रोननं कोणी फोटो काढला, तर ज्याला गेर माहीत नाही तो म्हणेल, वा, या बोळांची काय भरभराट आहे! दुसरा म्हणेल, या बोळांनीच मुख्य रस्ता ओस पाडला, बंद करा ते. फोटो एकच, आणि दोघंही चुकीचे. बोळ भरलेत कारण रस्ता बंद आहे. आणि ते बोळ नसते तर त्या दिवशी तुमच्या घरी दूध आलं नसतं. संध्याकाळी रस्ता धुऊन मोकळा झाला की वाहतूक आपोआप परत जाते. रस्ता कायमचा खचला असेल तर मात्र बोळच वापरावे लागतात. गाडी हळू जाईल, हातगाडी जाईल, ट्रक जाणार नाही.

सासूबाईंचे ठिपके चौथ्या महिन्यातले आहेत. म्हणजे मुख्य रस्ता पूर्ण खुला नाही एवढं म्हणता येईल. पण पाय सुधारला आणि बोटं किंचित का होईना उघडतात, तेव्हा तो पूर्ण बंदही नाही. हे मी फिल्मवरून म्हणत नाही, तुम्ही लिहिलेल्या ‘जेमतेम हलतात’ या दोन शब्दांवरून म्हणतोय. बोटं सरळ करणं हे काम केबलमधल्या त्या ठरावीक धाग्यांशिवाय होतच नाही. एका डच अभ्यासात (२०१०) पहिल्या ७२ तासांत थोडी बोटं उघडणारे आणि खांदा बाजूला उचलणारे रुग्ण पाहिले. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या सुमारे ९८ टक्क्यांच्या हातात काही ना काही कौशल्य परतण्याची शक्यता निघाली. ज्यांना त्या वेळी दोन्ही जमत नव्हतं त्यांच्यात ती सुमारे २५ टक्के. त्यासाठी लागलं काय, तर वैद्यांचे डोळे आणि तीन मिनिटं. पहिल्या आठवड्यात सासूबाईंची बोटं कशी होती हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय का बघा. बहुधा नसेल. आपल्याकडे ते लिहितच नाहीत, आणि ही माझी जुनी तक्रार आहे.

आता चुंबकाचं मशीन. सेंटरवाल्यानं सांगितलेली कल्पना त्यानं मनची काढलेली नाही. मेंदूचे दोन अर्धे मधल्या जाड पुलावरून एकमेकांना आवरतात. एका हातानं सुई ओवताना दुसऱ्यानं लुडबुड करू नये म्हणून ही सोय आहे. लहान मुलांत हा लगाम पुरता तयार झालेला नसतो, म्हणून पाटीवर ‘ग’ गिरवणारं पोर जीभ बाहेर काढतं आणि त्याची दुसरी मूठही वळते. सासूबाईंच्या डाव्या मुठीचं मूळ इथेच. उजवा हात हलवायला एवढा जोर लावावा लागतो की आज्ञा पुलावरून सांडते. २००४ मध्ये जुन्या रुग्णांत असं दिसलं की हालचाल सुरू होण्याच्या क्षणी निरोगी बाजूनं डागाच्या बाजूवरचा लगाम सैल करायला हवा, पण ती बाजू तो सैल करत नाही. त्यावरून सोपा तर्क निघाला, निरोगी बाजू मंद करा म्हणजे दुसरी मोकळी होईल. लहान अभ्यासांत काही ठिकाणी फायदाही दिसला.

मग मोठी परीक्षा झाली. नीश नावाची अमेरिकेतली चाचणी २०१८ मध्ये छापून आली. तीन ते बारा महिने झालेले रुग्ण, म्हणजे तुमच्या सासूबाईंसारखेच. निम्म्यांहून जास्त जणांना खरं चुंबक, बाकीच्यांना खोटं, आणि दोन्ही गटांना तोच हाताचा व्यायाम. दोन्ही गटांत सुमारे दोन-तृतीयांश लोक सुधारले. खऱ्या-खोट्यात फरक सापडला नाही. व्यायाम मात्र दोघांनाही लागू पडला, हे वाक्य पॅकेजच्या कागदावर नसतं.

त्यातही एक धोका आहे. २००२ मध्ये हायडी योहानसेन-बर्ग यांनी निरोगी बाजूच्या मोटर पट्ट्यापुढच्या भागाला चुंबकानं क्षणभर अडथळा आणला, तर लकव्याच्या हाताची प्रतिक्रिया मंदावली, आणि ज्यांचा हात जास्त कमजोर त्यांची जास्त मंदावली. म्हणजे ज्याचा मुख्य रस्ता जास्त खचला, त्याच्यासाठी दुसरी बाजू खरंच दूध पोचवत होती. अशाची दुसरी बाजू गप्प केली तर? कोणाची दाबायची आणि कोणाची जपायची हे केबलमधले किती धागे उरले त्यावर ठरायला हवं, आणि २५ सिटिंग विकणाऱ्यानं ते तपासलेलं नाही. मशीन वाईट म्हणत नाही मी. फिट येणाऱ्याला किंवा डोक्यात क्लिप असलेल्याला सोडून ते तसं सुरक्षितही आहे. पण घरात ठरावीक पैसे असतील तर ते आधी थेरपिस्टच्या तासांवर घाला.

गोळ्यांचीही हीच गत झाली, सांगून टाकतो, कारण कोणीतरी सुचवेलच. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन हातापायाची ताकद वाढवते असं २०११ मध्ये ११८ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत दिसलं. चाचणी करणारे म्हणजे १९९१ चे तेच शोले. सगळ्या जगानं लिहून द्यायला सुरुवात केली. पुढे ब्रिटनमध्ये ३,००० हून जास्त रुग्णांवर फोकस चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला. हातपाय चालण्यात फायदा नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. मन खचलं असेल तर ती गोळी जरूर घ्यावी, डॉक्टर देतील. हातासाठी नको.

दमण्याकडे येतो. टाळाटाळ नाही, ताई. जे काम एका कोपऱ्यात होत होतं त्याला आता दोन्ही अर्धे, पुढचे नियोजनाचे भाग, सगळे जुंपलेले आहेत. पाच मिनिटं बॉल दाबणं हे त्यांच्यासाठी पंगतीला शंभर पानं वाढण्यासारखं आहे. पाच मिनिटांचं सलग काम दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत करा, मध्ये तेवढीच विश्रांती द्या, बेरीज दिवसभरात वाढवा. दुपारची झोप मोडू नका, कारण शिकलेली हालचाल झोपेतही पक्की होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रात्रीचं घोरणं आणि बीपीच्या गोळ्यांचा डोस एकदा बघून घ्या. सारखं रडू येतं का, जेवणावरची वासना गेली का, हेही विचारा. लकव्यानंतरचं नैराश्य आपल्या घरांत ‘हट्टीपणा’ म्हणून खपतं.

आणि तो बॉल फेकून द्या. प्रत्येक घरात पिवळा नाही तर निळा स्पंजचा बॉल दिसतो, दवाखान्यातून कोणीतरी दिलेला असतोच. मूठ वळणं सासूबाईंना येतंय, उघडणं येत नाही. मुख्य केबल कमजोर पडली की मेंदूच्या देठातून निघणारे जुने, जाडेभरडे मार्ग पुढे होतात. त्यांना खांदा उचलणं, कोपर वाकवणं आणि मूठ आवळणं एवढंच ठळक येतं, तेही एकत्र. म्हणून हात वर करायला सांगितला की खांदा कानाला लागतो, कोपर वाकतं, बोटं आणखी आवळतात. बॉल दाबून दाबून आपण याच मार्गाला खतपाणी घालतो. तीच दोन मिनिटं उघडण्याला द्या. हात टेबलावर टेकलेला, खांदा सैल, मनगटाखाली टॉवेलची घडी, आणि पेल्याभोवतीची बोटं सोडवायची. पेला पकडण्याला टाळ्या नकोत, सोडण्याला वाजवा.

किती वेळा, हा खरा प्रश्न आहे. रँडॉल्फ नुडो यांनी १९९६ मध्ये माकडांच्या मेंदूत हाताच्या जागी मुद्दाम छोटा डाग पाडून पाहिलं. ज्यांना हात वापरायला लावला नाही, त्यांच्या मेंदूत डागाभोवतीची हाताची उरलेली जागाही आक्रसली. ज्यांना छोट्या खळग्यांतून खाऊ काढायला लावलं त्यांची ती जागा टिकली, काहींत तर कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरली. अशा प्रयोगांत प्राणी दिवसाला शेकडो वेळा हात घालतात. माणसाचं काय? अमेरिकेत कॅथरीन लँग यांनी २००९ मध्ये थेरपीच्या तासांत बसून मोजलं, तर हाताचं कामाचं म्हणावं असं पुनरावर्तन एका सत्रात सरासरी ३२. बत्तीस! माझ्याकडचे तासही मी एकदा मोजले होते. आकडा सांगत नाही, पण त्या दिवसापासून मी टेबलावर काउंटर ठेवतो, देवघरात जपाला वापरतात तसला.

चार महिने म्हणजे उशीर झाला का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. २०२१ च्या एका अमेरिकन चाचणीत रुग्णांना नेहमीच्या उपचारांखेरीज हाताचा २० तास जादा सराव वेगवेगळ्या वेळी दिला. दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास दिला तेव्हा सर्वांत जास्त फळला, सहा महिन्यांनंतर दिलेला तेवढ्या मात्रेत फारसा दिसला नाही. तुम्ही त्या खिडकीतून नुकत्याच बाहेर आला आहात. पण मात्रा वाढवली तर चित्र बदलतं. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तास हातावर काम करतात. तिथले बरेच रुग्ण वर्षाहून जुने होते, आणि २०१९ मध्ये छापलेल्या २२४ जणांच्या आकड्यांत सुधारणा दिसली, ती सहा महिन्यांनीही टिकलेली होती. ९० तास इंदुरात कुठेही मिळत नाहीत. घरी, तुकड्या-तुकड्यांत, तीन महिन्यांत पसरून जमू शकतात.

चांगला हात बांधून ठेवायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. तो खरा आहे, एडवर्ड टाउब यांचा. २००६ च्या एक्साइट चाचणीत २२२ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ जाड हातमोजा घातला आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास काम करून घेतलं. वर्षभरानंतरही फरक टिकला. पण त्यात घेण्याची अट होती की मनगट आणि बोटं निदान १० अंश तरी वर उचलता यावीत. सासूबाईंचं ते मोजून घ्या. नसेल जमत, तर चांगला हात बांधून फक्त त्यांची चिडचिड आणि तुमचं भांडण वाढेल.

घरच्यांनी सगळं करायचं म्हणजे काय, याचाही अनुभव आपल्याच देशातला आहे. अटेंड नावाची चाचणी भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली, २०१७ मध्ये छापली. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळं काही निघालं नाही. माझे काही सहकारी यावरून ‘घरचे लोक काय करणार’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. घरचे लोक प्रेमानं हात धरून हलवतात, आणि दुसऱ्यानं हलवलेल्या हातात मेंदूची आज्ञा नसते. तो सांध्यासाठी ठीक आहे, केबलसाठी नाही. तुमचं काम हात हलवण्याचं नाही, मोजण्याचं आणि गप्प बसण्याचं आहे. त्यांना दहा सेकंद धडपडू द्या. आणि खांद्याखाली हात घालून त्यांना कधीच ओढून उठवू नका.

नात्यातलं कोणी राजस्थानात बुटाटीच्या देवळात, जिथे लकव्याचे रुग्ण नेतात, नेऊन आणा म्हणत असेल तर खुशाल जा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ प्रदक्षिणा, म्हणजे चालणंच आहे. रक्त पातळ करायची गोळी मात्र तिथेही चुकवायची नाही.

पुन्हा स्कॅन काढू का, असं भाचा विचारेल. संशोधनवाल्यांना हवा असेल आणि फुकट असेल तर काढा, त्यांच्या उपयोगाचा आहे. तुमच्यासाठी घरातली मोजमापं पुरतील. दर रविवारी, तीच वेळ, तोच पाट. दहा हरभरे एका वाटीतून दुसरीत टाकायला किती सेकंद लागतात. मूठ पूर्ण सोडल्यावर तर्जनी आणि टेबल यांत किती बोटांचं अंतर राहतं. आणि त्या वेळी डावी मूठ वळते का, वळली तर किती घट्ट. त्यासाठी डाव्या हातात एक पापड द्या, मूठ वळली की कळेल. डाव्या हातातला पापड ज्या रविवारी शाबूत राहील त्या रविवारी मेंदूतला पसारा आवरायला लागलाय असं मी समजेन, आणि त्याला फिल्म लागणार नाही.

तुम्ही लिहिलंय की सासूबाई दिवाळीत चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि आता सोऱ्या बघितला तरी तोंड फिरवतात. तो माळ्यावर टाकू नका. दांडा फिरवायचा पितळी सोऱ्या असेल तर त्याहून चांगलं दोन हातांचं साधन माझ्या खोलीतही नाही. उजवा हात नुसता सोऱ्याभोवती धरायला, दांडा डाव्यानं. महिन्याभरानं हात बदला. पीठ सुरुवातीला बरंच सैल भिजवा, चकली मोडली तरी चालेल, आणि तळणीपासून त्यांना लांब बसवा.